डब्यातली मोकळी जागा

आमच्या साडूंना ज्या दिवशी एखादी वस्तू आहे तेवढीच ठीक आहे असं वाटेल, त्या दिवशी गोदावरी नाशिकहून उलटी फिरून ब्रह्मगिरी चढायला लागेल, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बायकोला सांगून टाकलं होतं. बायकोनं ते तिच्या ताईला सांगितलं, ताईंनी ते आपल्या नवऱ्याला म्हणजे साडूंना सांगितलं, आणि पुढच्या रविवारी साडू आमच्या पंचवटीतल्या घरी आले ते एका पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड करूनच. नदी डोंगरावर चढवायला केवढा पंप लागेल हे त्यात होतं. खाली रेघ मारून, तोच पंप निम्म्या आकारात कसा बसवता येईल हेही होतं. मी थट्टा केली होती हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता इतक्या वर्षांनी वाटतं, आलं असावं.

साडू हे नातं मोठं विचित्र. ना रक्ताचं, ना निवडीचं. दोन बहिणींनी आपापल्या नशिबानं दोन पुरुष पत्करलेले असतात आणि त्या दोघांनी सासुरवाडीच्या ओसरीवर शेजारी शेजारी बसून आयुष्यभर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या असतात. शिवाय तुलना ठरलेली. मी शाळेत भूगोल शिकवणारा, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. ते इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनीअर. चांगली नोकरी सोडून त्यांनी सिन्नरच्या एमआयडीसीत दोन खोल्यांचा स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा सासुरवाडीत माझा भाव काही वर्षं वधारला होता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

लहान करणं हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा आजार. दात घासायच्या ब्रशचा दांडा ते नवा ब्रश आणल्या दिवशीच अर्धा कापतात, कारण मूठ तेवढीच असते. वर्तमानपत्राच्या इतक्या घड्या घालतात की अग्रलेख तळहातावर मावतो. एकदा ताई चार दिवस माहेरी गेल्या होत्या, तेवढ्यात ह्यांनी स्वयंपाकघरातली फडताळं नव्यानं लावली. ताई परतल्या तेव्हा निम्मी फडताळं रिकामी होती आणि साडू दारात कौतुकाची वाट बघत उभे होते. अडचण एवढीच, की मोहरीचा डबा काढायला आधीचे अकरा डबे काढावे लागत, आणि तेही क्रमानं. क्रम लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. ताई भांडल्या नाहीत. त्यांनी आठ दिवस मोहरीशिवाय फोडणी दिली आणि नवव्या दिवशी मोहरीचा डबाच साडूंच्या ताटात वाढला.

आमची सासुरवाडी बागलाणातल्या नामपूरची, घरचा कांदा. एका दिवाळीला आम्ही सगळे माझ्या लहानशा गाडीतून नाशिकला परत निघालो होतो. चार मोठी माणसं, तीन मुलं, कांद्याच्या दोन गोण्या, फराळाचे डबे, आणि माझ्या बायकोला आईकडून हवा असलेला दगडी पाटा. मी म्हटलं, पाटा तरी राहू द्या. साडूंनी सगळं सामान अंगणात उतरवलं, भोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि तासाभरात पाट्यासकट सगळं गाडीत गेलं. सासूबाई हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. त्या आत गेल्या, शेंगांची एक पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, आजून जागा शे का?" साडूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. नामपूर ते नाशिक मी ती पिशवी डाव्या पायाशी, क्लचला लागणार नाही अशा बेतानं सांभाळत गाडी चालवली. ते स्वतः गाडी चालवत नाहीत. चालवताना बाकीच्या जागेकडे लक्ष राहत नाही म्हणतात.

मोठा आकार हा साडूंचा पहिला शत्रू, दुसरा म्हणजे खरखर. विजेच्या तारेतून वस्तूला हवी तेवढी वीज जावी, वर एक कणही अवांतर जाऊ नये, असा त्यांचा आग्रह. पंख्याचा रेग्युलेटर कुरकुरला की ह्यांच्या कपाळाला आठी पडते. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना लाउडस्पीकर घूं घूं करत होता. सगळ्यांनी सहन केलं. साडू अक्षता मुठीत धरून स्टेजच्या मागे गेले, मांडववाल्याला अर्थिंग कसं असावं हे समजावलं आणि त्याच्याकडून तार काढून घेऊन स्वतः जोडली. शेवटचं मंगलाष्टक अख्ख्या कार्यालयाला पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकू आलं, तेव्हा ते गाणाऱ्या आत्याबाई शब्द विसरल्या आहेत हेही सगळ्यांना कळलं. आमच्या घरीही त्यांनी अंगणात खड्डा खणून, मीठ आणि कोळसा घालून पक्कं अर्थिंग करून दिलं. खड्डा तुळशीच्या कट्ट्याला लागून होता. घरातली खरखर गेली, पण मिठानं तुळसही गेली, आणि बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाही, जणू साडू तिच्या बहिणीचे नवरे नसून माझ्याच ओळखीचे कुणी होते.

तिसरी सवय सगळ्यांत अवघड. कुठलंही यंत्र सुरू केल्यावर अर्धा तास त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ते मानतात. ते तापतं, निवतं, जागेवर येतं, आणि मगच खरं बोलतं. हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला आहे. कामावरून घरी आले की अर्धा तास ते गप्प बसतात. पाहुणा आला की त्यालाही बसवतात. एकदा त्यांच्याकडे मुलीचं स्थळ बघायला मंडळी आली होती. अर्धा तास यजमान काही बोलेचना, तेव्हा पाहुणे घाबरून उठायला लागले. साडू म्हणाले, "बसा, आता सुरू करू." त्याच घरी मुलगी दिली आणि ती सुखात आहे, हे इथं सांगायला हवं.

तर ह्या माणसानं नोकरी सोडली ती एका कपाटाचा डबा करण्यासाठी. एका मोठ्या प्रयोगशाळेत, जिचं नाव सांगायची मला परवानगी नाही आणि सांगितलं तरी तुम्हाला माझ्याइतकंच कळेल, एक यंत्र होतं. साडूंनी ते मला आमच्याच ओसरीवर बसून समजावलं होतं. काचेच्या निर्वात नळीत धातूची चिमूटभर वाफ सोडायची. तिच्यातले अणू भन्नाट पळत असतात. त्यांच्यावर सहा बाजूंनी लेझरचा प्रकाश असा नेमका टाकायचा की त्यांचा वेग मरत जातो. वेग मेला म्हणजे अणू थंड झाले, इतके थंड की त्यांच्यापुढे हिमालय म्हणजे भट्टी. असा अणूंचा एक पुंजका नळीच्या मधोमध तरंगत राहतो. मग आधार काढून घ्यायचा आणि तो कसा पडतो ते मोजायचं. मी विचारलं, आंबा पडतो तसाच ना. ते म्हणाले, तसाच, पण खाली जमिनीच्या पोटात पोकळी असेल तर अगदी लवमात्र सावकाश, आणि दगड किंवा पाणी भरलेलं असेल तर लवमात्र वेगानं. म्हणजे न खणता जमिनीखालचं कळतं. मी इतकी वर्षं मुलांना फळ्यावर पृथ्वीचं पोट काढून दाखवतो आहे, ते सगळं दुसऱ्यांच्या शब्दावर विसंबून. त्या दिवशी मला साडूंचा पहिल्यांदा हेवा वाटला.

ही जादू चालवायला विजेचं जे सामान लागतं ते लोखंडी कपाटाएवढं होतं. लेझरला जराही न हलणारा करंट द्यायचा, चुंबकाची वेटोळी पापणी लवायच्या आत बंद करायची, ही त्याची कामं. कपाट उचलायला चार माणसं लागत, त्यामुळे यंत्र खोलीबाहेर कधी पडलंच नव्हतं. आणि जमिनीचं पोट तपासणारं यंत्र खोलीत बसून काय तपासणार? साडूंनी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना शब्द दिला, की ह्या कपाटाचा मी जेवणाचा डबा करून दाखवतो.

त्या डब्यातले भाग मोहरीपेक्षा लहान. ते मायक्रोस्कोपखाली जोडणारं माणूस साडूंनी शोधलं ते सिन्नरला माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये. समोरच्या सीटवर गयामावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. सिन्नरच्या कितीतरी घरांनी हेच काम केलेलं. पानात तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याची गाठ मारायची. मोहदरी घाटाच्या वळणांत जीप हेलकावे खात होती आणि मावशींची एकही विडी वाकडी होत नव्हती. साडूंनी त्यांना तिथंच विचारलं, मायक्रोस्कोपखाली काम कराल का. सगळी जीप हसली. मावशी म्हणाल्या, "त्यात तंबाखूचा वास नाय ना? मंग करते." महिन्याभरात त्या असं सोल्डरिंग करायला लागल्या की साडू आलेल्या प्रत्येकाला भिंगातून दाखवायचे. मलाही दाखवलं. चांदीच्या टिपक्यांची ती रांग बघून मी काहीतरी कौतुकाचं बोललो, तर मावशी म्हणाल्या की हे विडीपेक्षा सोपं, हे वाळत नाय.

मावशींचा एक नेम होता. घरातली कोणतीही वस्तू पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर निघाली की तिला हळद-कुंकू लावायचं. लेकीची शाळेची पेटी असो, नवी शेळी असो, की नवऱ्याची दुरुस्त होऊन आलेली सायकल. साडूंचा नेम ह्याच्या बरोबर उलटा. हे बारीक भाग ज्यावर जोडतात त्या बोर्डाला उघड्या बोटाचा स्पर्श चालायचा नाही, कारण बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि मिठातून वीज नको तिथं झिरपते. तुळशीचा अनुभव जमेस धरता त्यांचं हे मीठपुराण मला पटलेलं होतं. बोर्ड तयार झाला की त्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशासारख्या लेपाचा, हात फिरवत, म्हणजे हवा लागायला नको. मावशी एकदा दबकत म्हणाल्या होत्या, निदान झाकणाला तरी एक बोट लावू द्या. साडू म्हणाले, झाकणालासुद्धा नाही. विषय तिथं संपला, असं त्यांना वाटलं.

तीन वर्षं लागली. ह्या तीन वर्षांत नातेवाइकांनी ताईंना प्रत्येक कार्यात विचारलं, की ह्यांचं नक्की चाललंय काय. ताई सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "होणार आहे." शेवटी श्रावणात प्रयोगशाळेचा निरोप आला. यंत्र टेम्पोत घालून इगतपुरीजवळच्या धरणावर आणणार, तिथल्या विश्रामगृहात साडूंचा डबा जोडणार. चोवीस तास अणूंचा पुंजका जागेवर राहिला तर इथून पुढची सगळी यंत्रं साडूंच्या डब्यावर चालतील. नाही राहिला तर जुनं कपाट दुसऱ्या टेम्पोत सोबत असेलच, आणि साडूंचे आभार. दुसरी संधी नाही, हे बाईंनी सरळ सांगितलं होतं.

गाडी अर्थातच माझी. मी सकाळी सिन्नरला पोचलो तेव्हा डबा टेबलावर उघडाच होता आणि साडू त्याच्याकडे बघत उभे होते. खरोखरच जेवणाच्या डब्याएवढा. आत टाचणी टोचायला जागा नाही. मग ते बाहेर येऊन माझ्या डिकीत डब्यासाठी जागा करायला लागले, जॅक काढ, स्टेपनी फिरव, असं बराच वेळ. तोवर आत मावशींनी झाकणाचे सहा स्क्रू आवळून डबा फडक्यात गुंडाळून दिला.

सिन्नरच्या कोरड्या हवेतून निघून घोटी ओलांडली की माणूस दुसऱ्याच मुलखात येतो. इगतपुरीच्या श्रावणात भिंतींना घाम फुटतो, काडेपेटी पेटत नाही आणि टेबलावरचा कागद कापडासारखा लोंबतो. विश्रामगृहात प्रमुख बाई आणि त्यांचे दोन तरुण शास्त्रज्ञ आमची वाट बघत होते. डबा जोडला, अर्धा तास वाट पाहिली आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका उमटला. तोच तो पुंजका. आपण शाळेत अणूची आकृती काढतो, गोल आणि भोवती फिरणारे ठिपके. इथं ते खरेखुरे माझ्यासमोर होते आणि माझ्या साडूच्या डब्यानं धरून ठेवलेले होते. मी टाळी वाजवली. सातव्या मिनिटाला ठिपका घसरला, फिकट झाला आणि गेला.

परत आणला, परत गेला. असं पाच-सहा वेळा झालं. सिन्नरला पंधरा दिवस ह्याच डब्याचा करंट क्षणभरही हलला नव्हता. दुपार झाली तसे ते दोन तरुण बाहेर गेले आणि दुसऱ्या टेम्पोची ताडपत्री सोडायला लागले. ताडपत्रीवरचं पाणी ओतल्याचा आवाज आत ऐकू आला. बाई साडूंना म्हणाल्या, "मी चार वाजेपर्यंत थांबते. त्यापुढे मला थांबता येणार नाही." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

साडू खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि गप्प झाले. बाईंना वाटलं, माणूस खचला. मला माहीत होतं की हा अर्धा तास आहे. मी चहा आणून ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. अर्धा तास झाला तसे उठले, डब्याचे स्क्रू काढले, खिशातल्या बॉलपेनची रिफिल काढून ठेवली आणि नुसती नळी ओठांत धरली. ठिपका परत आणायला सांगितला आणि त्या नळीतून बोर्डाच्या एकेका भागावर हळूच श्वास सोडायला लागले. श्वास ओला असतो. जिथं ओल लागून बिघडतं, तिथंच दोष. उजवी बाजू झाली, मधला भाग झाला, ठिपका हलला नाही. डाव्या कोपऱ्यावर श्वास गेला आणि ठिपका हाकलल्यासारखा पळाला.

त्यांनी भिंग लावून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून तो कोपरा पुसला. बोळा लाल झाला. कुंकू ओळखायला भूगोलाचा मास्तर असायची गरज नाही. ओल्या बोटानं टेकवलेलं कुंकू. सिन्नरच्या हवेत ते वाळून कोरडं ठणठणीत राहिलं असतं, इगतपुरीच्या हवेत ते पाणी पीत होतं आणि त्यातून करंट हळूहळू झिरपत होता.

बाईंनी बोळ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कुंकू," साडू म्हणाले. "माझ्याकडून लागलं. त्या कोपऱ्यावर लॅकर मारायचंही राहिलं होतं, तेही माझंच."

बाईंनी वही उघडली, पेन टेकवलं आणि थांबल्या. "मी इथं कुंकू लिहू?"

"बाहेरचा पदार्थ लिहा," साडू म्हणाले.

त्यांनी तो कोपरा तीनदा पुसला, वाळवला, लॅकर लावलं, झाकण बसवलं, आणि परत अर्धा तास थांबले. चारला पाच मिनिटं होती तेव्हा ठिपका आला. तो दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत जागचा हलला नाही. मधल्या वेळात पावसानं धरणातलं पाणी चढलं, आणि ते किती चढलं हे यंत्रानं खोलीत बसून, न बघता सांगितलं. बाईंनी एका तरुणाला धरणाच्या भिंतीवरची पाण्याची पट्टी बघायला पाठवलं. तो भिजून परत आला आणि त्यानं यंत्राचाच आकडा सांगितला. ताडपत्री पुन्हा बांधून टाकली. बाईंनी साडूंना हात जोडले, साडूंनी घाईघाईनं त्याहून खाली वाकून जोडले, आणि मी खिडकीबाहेर धरणाकडे बघत राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि ते दिसू द्यायचे नव्हते. नामपूरला फोन मीच केला. सासूबाईंना सांगितलं, तुमच्या थोरल्या जावयानं कपाटाचा डबा केला.

आणि त्यानंतर दोन महिने मी साडूंना सोडलं नाही. देवळात न जाता बाहेर चपला सांभाळत बसणारा माणूस चोरून कुंकू लावतो म्हणजे काय. मी जेवताना, फोनवर, भर मांडवात त्यांना देवभोळे म्हणायचो. ते फक्त हसायचे. मीठपुराण सांगणाऱ्यानं स्वतःच घोटाळा केला, ह्याचा मला जरा आनंदच झाला होता. तुलना कुठं सुटते.

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी साडूंनी आम्हाला सिन्नरला बोलावलं. मी तिथंही माझी थट्टा सुरू केली, तशा मावशी मला बाजूला घेऊन गेल्या. 

"मास्तर, त्यांना नका काय बोलू," त्या म्हणाल्या. "ते बोट माझं हाय. तीन वर्सं पोटच्यावानी जपला तो डबा. पहिल्यांदा दाराबाहेर निघाला, तसा कोरड्या कपाळानं कसा धाडू? आत लावलं, कुणाला दिसू नये म्हणून."

मी विचारलं, साडूंना माहीत आहे का. मावशी मला मायक्रोस्कोपपाशी घेऊन गेल्या. दुसऱ्या डब्यासाठीचे नवे बोर्ड त्याच आठवड्यात छापून आले होते. एका टोकाला, करंटच्या सगळ्या वाटांपासून लांब, पांढऱ्या शाईनं बारीक रेघेचं एक वर्तुळ छापलेलं होतं. आत काहीच नाही. खाली तांबं नाही, वर भाग नाही. इगतपुरीहून परत आल्यावर साडू मावशींना कुंकवाबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. फक्त हा बोर्ड भिंगाखाली ठेवून त्यांना म्हणाले होते, "मावशी, ही जागा कशाचीच नाही. तुमचं काय असेल ते इथं लावत जा. दुसरीकडे नको."

मी नाशिकला येऊन ताईंना विचारलं तेव्हा कळलं, की त्या वर्तुळाएवढी जागा काढायला ते दोन महिने रोज बसत होते. चाळीस-एक भाग हलवावे लागले. केसाएवढी जागा वाचली तर दिवस साजरा करणारा माणूस, त्यानं कपाळावरच्या कुंकवाएवढी जागा कशाचीच नाही म्हणून सोडून दिली. आणि चूक कुणाची हे त्यांना भिंगातून पाहिल्या क्षणी कळलं होतं. तीन वर्षांचं काम टांगणीला लागलेलं असताना त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली आणि वर दोन महिने माझी बडबड ऐकून घेतली. मी त्यांची माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "मास्तर, लॅकर राहिलं होतं हे खरंच आहे." आमच्या साडूंची मला लाज वाटेल असं मी तरुणपणी कधीतरी मनात म्हटलं होतं. ते शब्द मी त्या दिवशी परत घेतले, अर्थात मनातच.

त्यानंतर बरेच डबे झाले. कुठं बोगद्याच्या वर, कुठं दुष्काळी तालुक्यात जमिनीखालचं पाणी शोधायला ती यंत्रं जातात, आणि प्रत्येकाच्या पोटात साडूंचा डबा असतो. सुरुवातीच्या सगळ्या डब्यांत त्या वर्तुळाच्या बरोबर मधोमध, रेघेला न शिवता, मावशींचं बोट आहे. मग मावशींच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण हात पूर्वीसारखा स्थिर राहिना. गेल्या वर्षी त्या लेकीकडे सुरतेला राहायला गेल्या. निघताना त्यांनी साडूंच्याच कपाळाला कुंकू लावलं, तेही उंबऱ्यातच. साडूंनी ते घरी येईपर्यंत पुसलं नाही.

आता मावशींच्या जागी एक शिकलेली मुलगी बसते. हुशार आहे, हातमोजे घालते, आणि वर्तुळ तसंच कोरं ठेवून डबा बंद करते. परवा प्रमुख बाई सिन्नरला आल्या होत्या. पुढचं यंत्र माणसाच्या पाठीवर नेता येईल असं करायचं आहे, डबा आणखी बोटभर कमी होईल का, असं त्यांनी विचारलं आणि बोर्डावरच्या त्या वर्तुळावर पेन ठेवलं. ही जागा तर रिकामीच आहे, म्हणाल्या.

साडू खुर्ची ओढून बसले. मी मनात म्हटलं, अर्धा तास जाणार.

"ती राहू द्या," ते म्हणाले. "ह्याहून लहान नाही व्हायचा."

बाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. पेन उचललं आणि दुसरीकडे जागा शोधायला लागल्या. संध्याकाळी मी साडूंना त्यांच्या घरी सोडलं आणि पंचवटीकडे येताना पुलावर गाडी हळू केली. इतक्या वर्षांपूर्वी मी बायकोला जे सांगितलं होतं ते आठवलं, आणि खाली बघितलं. गोदावरी होती तशीच, आपल्या नेहमीच्या बाजूनं वाहत होती.